पोर्ट मद्याची पारख : अल्पमोलाच्या प्रकारांची तुलना

उसाच्या मुलुखांतील शेतकऱ्यास चवीचें शास्त्र अगदींच नवें नाहीं. गुळाचा खडा हातांत आला कीं तो त्याचा रंग पाहतो, रवा पाहतो, जिभेवर ठेवून खारटपणा व जळकेपणा शोधतो आणि मगच भाव बोलतो. मुळशी तालुक्यांत कासारसाई-दारुंब्रे येथें श्रीसंत तुकाराम सहकारी साखर कारखाना आहे. तेथें ऊस घालणाऱ्यास 'ब्रिक्स' हा शब्दही ओळखीचा आहे. जीभ व ब्रिक्स हीं दोनच साधनें घेऊन प्रस्तुत लेखांत आम्ही पोर्ट मद्याच्या परीक्षेचा पाठ देत आहों.

शेतकी मासिकांत हा विषय कशास, अशी शंका कोणी घेईल. तिचीं उत्तरें तीन आहेत. महाराष्ट्रांत द्राक्षाचें पीक मोठें असून मद्याच्या द्राक्षांची लागवड करण्याविषयीं शेतकऱ्यास वेळोवेळीं विचारणा होते. ज्या मालासाठीं आपण फळ पिकविणार, त्याची प्रत आपणांस ओळखतां आली पाहिजे. दुसरें, 'पोर्ट' या नांवाखालीं अगदीं निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात. तिसरें, पोर्ट हें रक्त वाढविणारें औषध आहे, ही समजूत घरोघर आढळते, आणि तिच्यापायीं पैसा व प्रकृति या दोहोंची हानि होते.

पोर्ट कसें बनतें

पोर्ट हें मूळचें पोर्तुगालच्या उत्तरेकडील दोरू नदीच्या खोऱ्यांतलें. तेथील पाटीसारख्या फुटक्या खडकाच्या उतारांवर टप्पे बांधून द्राक्षें लावतात. १७०३ च्या मेथ्युएन तहानें इंग्लंडांत पोर्तुगालच्या मद्यावरील जकात फ्रान्सच्या मद्याहून कमी ठरली व मागणी वाढली. समुद्रप्रवासांत मद्य टिकावें म्हणून त्यांत मद्यार्क घालण्याची चाल त्या व्यापारांत रुजली. मागणीबरोबर भेसळही आली. तेव्हां १७५६ सालीं पोंबालच्या मार्किसानें सरकारी कंपनी स्थापून दोरूच्या द्राक्षप्रदेशाच्या हद्दी आंखण्याचें काम सुरू केलें. भारताच्या भौगोलिक चिन्हांच्या नोंदवहींतही 'पोर्तो' व 'दोरू' हीं नांवें नोंदलेलीं आहेत.

साधें द्राक्षमद्य करतांना रसांतील साखर बहुतेक सर्व आंबूं देतात. पोर्टमध्यें निम्मीअर्धी साखर आंबली कीं द्राक्षांचाच ७७ टक्के बळाचा मद्यार्क त्यांत ओततात. त्या तीव्रतेंत किण्व मरतें, आंबणें थांबतें व उरलेली साखर तशीच राहते. यांत द्राक्षाची गोडी व मद्यार्काचें बळ एकत्र येतें.

आतां आंकडे मांडूं. समजा, रस २४ ब्रिक्सचा आहे; म्हणजे लिटरमागें सुमारें २४० ग्रॅम साखर आली. लिटरांतील सुमारें १७ ग्रॅम साखर आंबली म्हणजे एक टक्का मद्यार्क होतो. १२० ग्रॅम आंबली तर ७ टक्के झाला. अशा ४३५ लिटर रसांत ७७ टक्क्यांचा ११५ लिटर मद्यार्क घातला असतां ५५० लिटरांचें एक पिंप भरतें. त्यांतील मद्यार्काचें प्रमाण ४३५ × ७ अधिक ११५ × ७७, भागिलें ५५०, म्हणजे सुमारें २१.६ टक्के येतें. उरलेली साखर लिटरमागें सुमारें ९५ ग्रॅम पडते. बाजारांतील पोर्टवर १९ ते २२ टक्के असा आंकडा कां असतो, हें यावरून ध्यानांत येईल. बाटलीवरचा आंकडा याहून बराच कमी असेल, तर ती वस्तु दोरूच्या रीतीनें झालेली नाहीं, असें धरून चालावें. याला अपवाद कमी बळाच्या कोरड्या पांढऱ्या पोर्टचा.

अल्पमोलाचे प्रकार

*रुबी.* हें तरुण मद्य. मोठ्या टाक्यांत दोन-तीन वर्षें ठेवून, वारा कमी लागेल अशी काळजी घेऊन तें भरतात. रंग माणकाचा, वास ताज्या काळ्या फळांचा, चव गोड व किंचित् तुरट. सर्वांत स्वस्त प्रकार बहुधा हाच.

*टॉनी.* हें लहान लांकडी पिंपांत वाढतें. लांकडांतून हवा लागून लाल रंग विटकरी होतो, पुढें मधाकडे झुकतो. वासांत अक्रोड, खजूर, सुकें अंजीर व काकवी यांची आठवण होते. मात्र येथें सावध राहावें. ज्या टॉनीवर वर्षांचा आंकडा नाहीं, तें बहुधा रुबीइतकेंच तरुण असून फिक्या रंगाच्या रसापासून केलेलें असतें. पिंपांतील जुनेपणाची चव ज्यास हवी, त्यानें १० वर्षें हा शब्द पाहून घ्यावें. हा आंकडा एका मद्याचें नेमकें वय सांगत नसून अनेक पिंपांच्या मिश्रणाची प्रत दर्शवितो.

*पांढरें.* पांढऱ्या द्राक्षांपासून होतें. गोडपासून जवळजवळ कोरड्यापर्यंत त्याचे भेद आहेत. हें थंड करून घेतात.

*रिझर्व्ह.* निवडक पिंपांचें रुबी किंवा टॉनी. किंमत साध्याहून थोडी अधिक.

*उशीरां भरलेलें सालवार पोर्ट.* बाटलीवर 'एल. बी. व्ही.' अशीं अक्षरें असतात. एकाच सालच्या द्राक्षांचें असून तें चौथ्या ते सहाव्या वर्षांत बाटलींत भरतात. रुबीचा ताजेपणा व जास्त घट्टपणा त्यांत असतो. खरें 'व्हिंटेज' पोर्ट याहून वेगळें. तें दोन-तीन वर्षांत बाटलींत भरून मग दीर्घकाळ मुरवितात. त्याची किंमत आपल्या विषयाबाहेरची आहे.

*देशी 'पोर्ट'.* गोवा १९६१ पर्यंत पोर्तुगालच्या ताब्यांत होता. तेथें पोर्ट या नांवाच्या गोड मद्याची चाल अजून आहे. गोव्यांत द्राक्षांचें पीक नांव घेण्याजोगें नसल्यानें फळ किंवा रस महाराष्ट्र व कर्नाटकांतून जातो. स्वस्त मालांत बंगळूर ब्ल्यू जातीचें द्राक्ष पुष्कळ वापरतात. तिचा विशिष्ट उग्र सुवास ओळखीचा झाला, कीं डोळे झांकूनही ती सांगतां येते. हें मद्य दोरूच्या मद्याची नक्कल म्हणून न पाहतां स्वतंत्र गोड मद्य म्हणून पाहावें, म्हणजे त्याच्यावरही अन्याय होणार नाहीं.

जिभेची तालीम

मद्याचा थेंबही न घेतां निम्मा अभ्यास घरीं होतो. एक लिटर पाण्यांत १०० ग्रॅम साखर विरघळवावी; पोर्टची गोडी साधारण इतकीच असते. हें पाणी दोन भांड्यांत घेऊन एकांत लिंबू पिळावें. साखर दोहोंत तितकीच असून लिंबू घातलेलें पाणी कमी गोड लागेल. गोडी व आंबटपणा एकमेकांस तोलून धरतात, हा पहिला धडा. बिनदुधाचा कडक चहा तोंडांत फिरवावा; हिरड्या आंखडल्यासारख्या होतात, तो तुरटपणा. पिकलेलें जांभूळ चावलें म्हणजे गोडी, आंबटपणा व तुरटपणा हे तिन्ही रस एकदम भेटतात आणि रुबीच्या रंगाचीही कल्पना येते. अखेरीस ताजें काळें द्राक्ष, मनुका, खजूर व अक्रोड यांचे वास डोळे मिटून ओळखण्याचा सराव करावा. रुबी व टॉनी यांतील भेद म्हणजे बहुतांशीं ताजें फळ व सुकें फळ यांतील भेद.

परीक्षेची रीत

परीक्षा सकाळीं, जेवणापूर्वीं व उजेडांत करावी. तंबाखू, तपकीर, पान, उदबत्ती व अत्तर वर्ज्य. निमुळत्या तोंडाचे सारखे कांचेचे पेले घ्यावे व प्रत्येकांत सुमारें ३० मिलिलिटर मद्य ओतावें. बाटल्या कागदांत गुंडाळून एका तिऱ्हाइतानें पेल्यांस क्रमांक द्यावे; किंमत व नांव परीक्षकास कळूं नये. एकच मद्य दोन निरनिराळ्या क्रमांकांखालीं ठेवावें. त्या दोहोंस ज्यानें फार निराळे गुण दिले, त्याच्या बाकीच्या गुणांवर विसंबूं नये.

क्रम पांढरें, रुबी, रिझर्व्ह, एल. बी. व्ही. व शेवटीं टॉनी असा ठेवावा. देशी मद्य रुबीच्या शेजारीं ठेवावें. रुबी १६ ते १८ अंशांवर व टॉनी १२ ते १४ अंशांवर चांगलें लागतें. आपल्या उन्हाळ्यांत खोलींतील उष्ण्यानें मद्यार्काचा झणका वाढून सर्वच पेले सारखे तिखट भासतात. घोट तोंडांत फिरवून थुंकून टाकावा. धंद्यांतील परीक्षक असेंच करतात, कारण चौथ्या घोटानंतर गिळणाऱ्याचें मत हें त्याचें मत राहत नाहीं. मधून मधून पाणी व बिनमिठाची भाकरी घ्यावी.

गुण वीसपैकीं द्यावे : रंग व निर्मळपणा ३, वास ६, चवींतील मेळ ७, आणि घोट गेल्यावर चव किती वेळ व कशी रेंगाळते यास ४. 'चवींतील मेळ' हा मुख्य कसोटीचा भाग होय. गोडी वेगळी, मद्यार्काचा दाह वेगळा व आंबटपणा नाहींच, असें झालें तर तें साखर घातलेल्या मद्यार्काच्या जातीचें. गोडी शेवटीं चिकट वाटली व फळाचा वास उरला नाहीं, तर गुण निम्म्यावर यावे. गुणांपुढें एक ओळ कारण लिहावें. कारणावांचून दिलेले गुण दुसऱ्या दिवशीं आपले आपल्यासही समजत नाहींत.

स्वस्त कशास म्हणावें

गुणपत्रक पुरें झाल्यावरच किंमती उघड कराव्या. ७५० मिलिलिटरच्या बाटलींत ६० मिलिलिटरचे साडेबारा पेले होतात. बाटलीच्या किंमतीस साडेबारांनीं भागून एका पेल्याची किंमत काढावी व ती गुणांशेजारीं मांडावी. आयात मद्यावर जकात व राज्याचे कर बसत असल्यानें परदेशांत स्वस्त समजलें जाणारें रुबीही आपल्याकडे स्वस्त राहत नाहीं.

दुसरा हिशेब टिकाऊपणाचा. उघडलेलें रुबी एक-दोन आठवड्यांत ताजेपणा गमावतें. टॉनीनें पिंपांतच हवा सोसलेली असल्यामुळें तें थंड जागीं महिनाभर बरें राहतें. जेथें महिन्यांतून चारच पेले लागतात, तेथें थोडें महाग टॉनी पुरतें व स्वस्त रुबी अर्धें मोरींत जातें. म्हणून तुलना खपलेल्या पेल्यांच्या किंमतीवर करावी.

औषध नव्हे

बाळंतिणीस, अशक्त मनुष्यास किंवा वाढत्या मुलास चमचाभर पोर्ट द्यावें, ही समजूत रंगावरून निघालेली दिसते. लाल रंग द्राक्षाच्या सालीचा. रक्त भरून काढण्याइतकें लोह त्यांत नसतें. गर्भिणीनें घेतलेला मद्यार्क गर्भापर्यंत पोंचतो व अंगावर पाजणाऱ्या आईच्या दुधांतही उतरतो. मद्यार्क कर्करोगास कारण होतो, हें सिद्ध आहे. मद्याची अमुक मात्रा प्रकृतीस निर्धोक असें म्हणतां येत नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं स्पष्ट सांगितलें. पंडुरोग असल्यास रक्त तपासून वैद्यकीय सल्ल्यानें लोहाच्या गोळ्या घ्याव्या. वर सांगितलेली परीक्षाही पंचवीस वर्षें पुरीं झालेल्यांनीं, परवान्याचे नियम पाळून करावी. ज्यास व्यसनाची भीति आहे, त्यानें साखरपाणी व जांभळाच्या तालमीपर्यंतच थांबावें.

मुळशीच्या शेतकऱ्यानें काय घ्यावें

कासारसाईच्या आसपास धरणाचें पाणी, ऊस व भात हें नेहमींचें चित्र आहे. द्राक्षास पाण्याचा निचरा होणारी जमीन हवी. पाणी धरून ठेवणारीं भातखाचरें त्याला मानवत नाहींत. एप्रिलची खरड छाटणी व ऑक्टोबरची फळछाटणी यांमधील वाढ पावसाळ्यांतून जाते. घाटाजवळच्या पावसांत केवडा रोगाची धास्ती मोठी, व फवारणीचा खर्च फळ हातीं येण्यापूर्वींच सुरू होतो. खाण्याची थॉमसन सीडलेस जात लाल पोर्टच्या कामाची नाहीं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेची एआरआय-५१६ ही जात रोगास बऱ्यापैकीं दाद देत नाहीं व रस आणि लाल मद्य या दोहोंस उपयोगी पडते. परंतु तीही लावण्यापूर्वीं पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्ला घेणें इष्ट.

कोणी लागवडीचा करार पुढें केला तर चार गोष्टी लेखी मागाव्या : जात कोणती, ब्रिक्स किती, ब्रिक्स कोण व कोठें मोजणार, आणि पावसानें ब्रिक्स उतरल्यास भाव काय. त्याबरोबर खरेदीदाराच्या मद्याची एक बाटली आणून वरील रीतीनें तपासावी. ज्याच्या मद्यांत फळाचा मागमूस नाहीं व साखरच बोलते, त्यास चांगल्या फळाची गरज नसते आणि तो चांगल्या फळाचा भावही देत नाहीं. अशा खरेदीदारासाठीं उसाची चालती जमीन मोडूं नये, असें आमचें मत आहे.