यंत्रमानव स्पर्धेचा हंगाम आणि आपली शाळा

‘रोबो’ हा शब्द उच्चारताच हातपाय असलेले, डोळ्यांत दिवे लुकलुकणारे एखादे पोलादी बाहुले आपल्यासमोर उभे राहते. चित्रपटांनी व खेळण्यांच्या दुकानांनी ही समजूत दृढ केली आहे. वस्तुतः चेक नाटककार कारेल चापेक याने १९२० साली लिहिलेल्या एका नाटकातून हा शब्द जगभर गेला आणि त्याचे मूळ त्या भाषेतील ‘वेठ’ या अर्थाच्या शब्दात आहे. तेव्हा यंत्रमानवाचे लक्षण त्याच्या रूपात शोधावयाचे नसून कामात शोधावयाचे. भोवतालची स्थिती टिपणे, तिच्यावरून पुढे काय करावयाचे ते ठरविणे आणि त्याप्रमाणे हालचाल करणे, ही तिन्ही कामे जे यंत्र करते तो यंत्रमानव. टाकी भरताच आपोआप बंद होणारा पाण्याचा पंप हा त्याच कुळातील एक लांबचा नातेवाईक म्हणावयास हरकत नाही.

शाळकरी मुलांनी असे यंत्र स्वतः बांधून स्पर्धेत उतरवावयाचे, ही प्रथा अमेरिकेत रुजली. डीन केमेन या संशोधकाने १९८९ मध्ये ‘फर्स्ट’ नावाची संस्था स्थापन केली व १९९२ मध्ये न्यू हॅम्पशायर राज्यातील एका शाळेच्या व्यायामशाळेत २८ पथकांची पहिली स्पर्धा भरविली. तिच्यामागील शैक्षणिक विचार मात्र एकट्या केमेन यांचा नव्हे. मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेतील प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स हे यंत्ररचना शिकविताना प्रत्येक विद्यार्थ्याला किरकोळ साहित्याचा एकसारखा संच देत, सर्वांस एकच काम नेमून देत आणि अखेरीस सर्वांची यंत्रे समोरासमोर आणीत. साहित्य तेच, प्रश्न तोच, मुदत तीच. तरीही यंत्रे निरनिराळी निघत. ‘माझी आई’ या विषयावरील चाळीस एकसारखे निबंध ज्या शिक्षकाने एका बैठकीत तपासले आहेत, त्याला या गोष्टीचे मोल निराळे सांगावयास नको.

या स्पर्धेच्या कालखंडाला आपण हंगामच म्हणू, कारण शेतीप्रमाणे येथेही वेळ चुकली की ती भरून काढता येत नाही. जानेवारीतील एका ठरलेल्या शनिवारी त्या वर्षीचा खेळ सर्व पथकांना एकाच वेळी जाहीर होतो. तोपर्यंत तो कोणासही ठाऊक नसतो. २०१९ पर्यंतची रीत अशी होती की, त्या दिवसापासून सुमारे सहा आठवड्यांत यंत्र पुरे करावयाचे आणि मग ते पिशवीत घालून मोहोरबंद करावयाचे. पुढे मोहोर लावणे बंद झाले, तरी मुदतीचा धाक गेलेला नाही. जाणती पथके पहिले काही दिवस एकाही स्क्रूला हात लावीत नाहीत. ती नियम वाचतात. कोणत्या कामाला किती गुण आहेत आणि कोणते काम सोडून दिले तरी चालेल, याचा काथ्याकूट करतात. सगळेच करू म्हणणाऱ्या पथकाचे बहुधा काहीच धड होत नाही. मग पुठ्ठ्याचे व लाकडाचे कच्चे नमुने होतात आणि त्यांतील बहुतेक टाकून दिले जातात. त्यानंतर चाकांचा गाडा, उचलणारा हात, तारांची जोडणी, आज्ञावली. शेवटचा आठवडा यंत्र चालविण्याच्या सरावासाठी राखावयाचा असतो. पण आधीच्या कामांनी तो अर्धाअधिक गिळलेला असतो. एवढ्या खटाटोपानंतरचा सामना अवघा अडीच मिनिटांचा.

आपल्या राज्यातील मुलांनी या वाटेवर काय केले, ते २०१७ च्या उदाहरणावरून दिसेल. त्या वर्षीच्या जुलै महिन्यात केमेन यांच्याच पुढाकाराने वॉशिंग्टन येथे ‘फर्स्ट ग्लोबल’ ही राष्ट्राराष्ट्रांतील स्पर्धा प्रथमच भरली. दीडशेहून अधिक देशांची पथके तेथे आली होती. भारताचे पथक मुंबईच्या सात शालेय विद्यार्थ्यांचे होते. खेळाचा विषय पिण्याचे शुद्ध पाणी हा होता. मैदानावर निळे व नारिंगी चेंडू एकत्र मिसळलेले असत. निळे म्हणजे स्वच्छ पाणी आणि नारिंगी म्हणजे त्यातील घाण. यंत्राने ते गोळा करावयाचे, वेगळे करावयाचे आणि ज्याच्या त्याच्या जागी पोचवावयाचे. सर्व देशांना साहित्याचा संच सारखाच मिळाला होता. मुंबईच्या मुलांना अभियांत्रिकी रचनेबद्दलचे सुवर्णपदक मिळाले. हे पदक इ. स. १३२ मध्ये भूकंपदर्शक यंत्र करणाऱ्या चांग हेंग या चिनी शास्त्रज्ञाच्या नावाचे आहे.

पदकापेक्षाही त्या स्पर्धेचा एक नियम आपण ध्यानात घेण्यासारखा आहे. तेथे एका बाजूला एक देश नसून तीन देश मिळून खेळत आणि हे त्रिकूट दर सामन्यास बदले. आज जो प्रतिस्पर्धी तो उद्याचा जोडीदार. शेजारच्या पथकाची तार तुटली, तर तिला आपला पाना देणे हे निव्वळ औदार्य राहत नाही. त्यात आपलेही हित असते. चढाओढीतही सौजन्य सोडावयाचे नाही, हा फ्लॉवर्स यांचा आग्रह येथे उपदेशातून न येता नियमातून येतो. आपल्या केंद्रस्तरीय क्रीडास्पर्धांत कबड्डीच्या एका गुणावरून दोन गावांचे शिक्षक महिनाभर अबोला धरतात, हे आपणांपैकी अनेकांनी पाहिले असेल. नियमच बदलून पाहण्याजोगा आहे.

आता आक्षेपाचा विचार करू. हे सारे शहरातील, पैसा असलेल्या पालकांच्या मुलांचे कौतुक आहे. ज्या शाळेत विजेची जोडणी टिकत नाही तेथे त्याचा काय उपयोग, असे कोणी म्हणेल, आणि खर्चापुरते ते खरेच आहे. केंद्र शासनाने २०१६ पासून सुरू केलेल्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळांना प्रत्येकी २० लाख रुपयांपर्यंत साहाय्य दिले गेले. पण त्या इयत्ता सहावीपासून पुढच्या मुलांसाठी आहेत आणि आपल्या बहुसंख्य लहान शाळांच्या वाट्याला त्या आलेल्या नाहीत. परंतु साहित्याच्या अभावापेक्षा एक मोठे संकट आहे व ते साहित्य आल्यानंतर सुरू होते. संच येतो, त्याची जडवस्तू संग्रह नोंदवहीत नोंद होते, आणि मोडले तर भरून कोण देणार या भीतीने तो कपाटात बंद होतो. पाहुणे आले की बाहेर निघतो. एक हुशार मुलगा कळ दाबतो, गाडी चालते, टाळ्या पडतात, संच पुन्हा आत जातो. ज्या यंत्राचा एकही स्क्रू मुलांनी सैल केलेला नाही, ते यंत्र शाळेत असून नसल्यासारखेच आहे.

हाताला काम दिल्याने खेड्यातील मुलगा शिकतो, हे सिद्ध करण्यासाठी आपणांस अमेरिकेपर्यंत जाण्याचे कारण नाही. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम स्थापन केला. तेथील मुले जोडकाम, नळकाम, वीजकाम, शेती व कुक्कुटपालन प्रत्यक्ष करीत शिकत आली आहेत. पुढे २००२ मध्ये, संगणकाच्या साहाय्याने वस्तू घडविणारी ‘फॅब लॅब’ मॅसॅच्युसेट्स संस्थेच्या सहकार्याने सुरू झाली, ती याच खेडेगावात.

प्रश्नही बाहेरून आणावयास नकोत. आशिया व पॅसिफिक प्रदेशांतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची ‘रोबोकॉन’ स्पर्धा २००८ मध्ये पुण्यास भरली, तेव्हा यजमानांनी यंत्रमानवांपुढे ठेवलेला खेळ गोविंदाचा होता: हंडीतील लोणी काढावयाचे. २०१४ मध्ये ती पुन्हा पुण्यास भरली, त्या वेळी एक पालक यंत्र आणि एक बालक यंत्र यांनी मिळून झोका व सी-सॉ खेळावयाचा होता. मग नाशिक जिल्ह्यातील मुलांपुढे कोणता प्रश्न ठेवावा? निळे आणि नारिंगी चेंडू वेगळे करणे, याचे आपल्याकडील रूप म्हणजे कांद्याची प्रतवारी. निफाड, येवला, चांदवड या भागांतील मुलांना गोल्टी कोणती आणि मोठा कांदा कोणता, हे सांगावे लागत नाही.

खेळ असा. प्रत्येक पथकात पाच मुले. दोन सरळ बांबू, पुठ्ठा, सुतळी, खिळे, जुन्या सायकलच्या ट्यूबचे तुकडे व तीन टोपल्या एवढेच साहित्य, सर्वांना सारखे. लहान, मध्यम व मोठे असे दहा-दहा कांदे मिसळून द्यावयाचे. यंत्राने अडीच मिनिटांत ते तीन टोपल्यांत वेगळे करावयाचे. योग्य टोपलीतील कांद्यास एक गुण. चुकीच्या टोपलीतील किंवा ठेचाळलेल्या कांद्याचा एक गुण वजा.

सर्वांत सोपी युक्ती अशी की, दोन बांबू उतरते ठेवावयाचे. वरच्या टोकाशी त्यांतील फट अरुंद व खालच्या टोकाशी रुंद. कांदा गडगडत निघतो आणि फट त्याच्या आकाराची होताच खाली पडतो. लहान आधी, मोठा शेवटी. ही युक्ती शिक्षकाने सांगावयाची नाही. मुलांना ती सापडू द्यावी. न सापडल्यास फळणीतील फटीवरून चेंडू सोडून पाहा, एवढेच सुचवावे. खरी मौज पुढे आहे. उतार फार झाला की वेगाने आलेली गोल्टी आपली फट ओलांडून मध्यम कांद्यांत जाऊन पडते. उतार कमी पडला की कांदा वाटेतच बसून राहतो. शिवाय कांदा हा भूमितीतला गोल नव्हे. देठ आडवा आला की तो अडतो. मुलांनी वरच्या टोकाखाली एक, दोन, तीन अशी पुस्तके ठेवीत प्रत्येक वेळी तीसपैकी किती कांदे बरोबर पडले ते लिहावे. सहावी-सातवीच्या शेकडेवारीला आणि स्तंभालेखाला याहून चांगली उदाहरणे पाठ्यपुस्तकात क्वचितच मिळतील.

हे यंत्र यंत्रमानव नव्हे, हे मुलांच्याच तोंडून वदवून घ्यावे. त्यासाठी लाल आणि पांढरे कांदे मिसळून द्यावेत. आकार सारखाच असल्याने फट निरुपयोगी ठरते आणि यंत्राला डोळा लागतो. रंगसंवेदक हा तो डोळा. कांद्यावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशात तांबडा, हिरवा व निळा भाग किती, हे तो मोजतो. पांढऱ्या कांद्याकडून तिन्ही भरपूर येतात, लाल कांद्याकडून हिरवा फार थोडा. कोणत्या आकड्याच्या वर पांढरा मानावयाचा, ती सीमा ठरवून यंत्राला सांगण्याचे काम म्हणजेच आज्ञावली. या टप्प्यासाठी जवळच्या माध्यमिक शाळेत अटल प्रयोगशाळा असल्यास मुख्याध्यापकांस पत्र लिहून एक दिवस मुलांना तेथे न्यावे.

शिक्षकाचा हात कोठे असावा, हा या उपक्रमातील कठीण भाग. मुलाचा खिळा वाकडा जात असताना हातोडी आपल्या हाती घेण्याचा मोह फार मोठा असतो. अशा स्पर्धांतील परीक्षक मार्गदर्शकांस बाजूला ठेवून मुलांनाच प्रश्न विचारतात आणि त्यांची कामाची वही पाहतात, ते याचसाठी. वहीत रोज तीन गोष्टी याव्यात: आज काय करून पाहिले, काय झाले, उद्या काय बदलणार. फसलेल्या नमुन्याचे चित्र खोडू नये. आणखी एक गोष्ट: मुलांवर सोडले, तर हातोडी मुलांकडे व वही सुवाच्य अक्षराच्या मुलीकडे जाते. दर आठवड्यास कामे बदलण्याचा नियमच करावा.

हंगाम केव्हा धरावा, हे तालुक्यावर अवलंबून राहील. पेठ, सुरगाणा भागांत दिवाळीच्या सुमारास कुटुंबे द्राक्षबागांच्या कामासाठी निफाड, दिंडोरीकडे उतरतात आणि पथकातील दोन मुले यंत्र अर्धे टाकून जातात. तेथे भातलावणी उरकल्यावर, १५ ऑगस्टपासून सप्टेंबरअखेरपर्यंतचे सहा आठवडे योग्य. बागाईत गावांत दिवाळीच्या सुटीनंतर आरंभ केल्यास जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात केंद्रशाळेत सामने घेता येतील. सामने एकेका शाळेचे न ठेवता दोन-दोन शाळांच्या जोड्यांचे ठेवावेत व जोड्या प्रत्येक फेरीस बदलाव्यात. खेळ संपल्यावर यंत्रे मोडून बांबू, खिळे व टोपल्या मुलांकडूनच मोजून घ्याव्यात. कांदे पोषण आहाराच्या स्वयंपाकघरात द्यावेत, ठेचाळलेले आधी.