पांढरं पडलेलं प्रवाळ

प्रश्न : आमच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतलं मऊ प्रवाळ मे महिन्यात पांढरं पडलं. क्लाउनफिश मात्र ठणठणीत आहेत. प्रवाळ मेलं का? मालवणहून नवा तुकडा आणून लावू का?

उत्तर : घाई करू नका, ते बहुधा जिवंत आहे. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं. रंग आणि बरंचसं अन्न त्याचंच. पाणी तापलं की प्रवाळ हे शैवाल बाहेर टाकतं आणि फिकं पडतं. क्लाउनफिश ही उष्णता जास्त सोसतात, म्हणून ते ठीक दिसले.

तापमान २५-२६ अंशांवर आणा, पण हळूहळू, दिवसाला एखादा अंश. बर्फ टाकू नका. पृष्ठभागावर छोटा पंखा लावला तरी फरक पडतो. त्याने पाणी उडतं, मीठ मागेच राहतं. म्हणून भर घालताना आरओचं गोडं पाणीच घाला. इथे फार जण चुकतात. दिवे थोडे मंद ठेवा. सावरायला काही आठवडे लागतील.

मालवणचा तुकडा मात्र अजिबात नको. तिथली दगडी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ती उचलणं गुन्हा आहे, आणि प्रवाळांचा तो खडक तिथल्या माशांचं घर आहे.