ठळक रेघ, तुटक रेघ

मुक्ता : काका, रोमच्या आरा पाचिसची, त्या शांतीच्या वेदीची, छायाचित्रं हवी तेवढी मिळतात. मग मापं घेऊन नकाशे कशाला काढायचे?

काका : छायाचित्रावर टेप लावता येतो का? वेदीभोवतीची भिंत एका बाजूने सुमारे ११.६ मीटर, दुसऱ्या बाजूने १०.६. डोळ्याला हा फरक कळायचा नाही. नुसत्या बाजू मोजूनही भागत नाही, कर्ण मोजले तरच कोपऱ्यांचा काटकोन तपासता येतो. उभ्या मापांसाठी आधी समपातळीची एक रेघ मारायची नि सगळं तिच्यापासून वर-खाली मोजायचं. हल्ली स्कॅनरवर भिस्त ठेवून मुलं ओळंबासुद्धा हातात धरत नाहीत!

मुक्ता : पण ही वेदी तर १९३८ साली तुकडे जुळवून उभी केली ना?

काका : हो. इ.स.पू. ९ मध्ये अर्पण झालेली वेदी पुढे जमिनीत गाडली गेली. १५६८ पासून तुकडे निघत गेले, काही पार पॅरिसला पोचले. शेवटच्या उत्खननात पाणी लागलं, तर भोवतालची जमीन गोठवून...

मुक्ता : मग आपण मोजतो काय? ऑगस्टसच्या काळचं काम, की १९३८ चं?

काका : दोन्ही. जुना दगड ठळक रेघेनं, सांध्यांसकट. नवी भर तुटक रेघेनं. छापणारे मात्र दोन्ही रेघा सारख्याच जाड करतात. वर नकाशा लहान करून खाली ‘१:५०’ तसंच ठेवतात. म्हणून म्हणतो, प्रमाणपट्टी नकाशातच काढा, ती बरोबरीनं लहान होते.

मुक्ता : पण तुकडा चुकीच्या जागी बसवला असेल, तर ठळक रेघही खोटीच की.

काका : रेघ तुकड्यापुरती खरी. त्याची जागा हा जुळवणाऱ्याचा निष्कर्ष. म्हणून प्रत्येक तुकड्याचा वेगळा नकाशा हवा, मागची बाजू नि जाडी धरून. जाडीचंही जपून हं. सोळाव्या शतकात वाहून न्यायला सोपे जावेत म्हणून ठोकळे उभे चिरले होते. तिथली जाडी करवतीची, रोमनांची नव्हे.

मुक्ता : मग उत्तरेचा बाण तरी नक्की?

काका : तोही नाही! मूळ दारं पूर्व-पश्चिम होती. नव्या जागी वेदी काटकोनात फिरवली. नकाशावर दोन बाण काढ, आणि कुठला कधीचा ते लिही.