एस्प्रेसो यंत्र तापताच वीज का जाते?

प्रश्न : घरचे एस्प्रेसो यंत्र दोन मिनिटे चालते आणि आरसीसीबी ट्रिप होते. बाकी उपकरणे नीट चालतात. (एक वाचक, चोपडा)

उत्तर : एमसीबी नव्हे, आरसीसीबी ट्रिप होते, ही मोठी खूण आहे. वीज अर्थिंगकडे गळते आहे. घरगुती आरसीसीबी बहुधा 30 मिलिअँपिअरची असते; तेवढी गळतीही ती सहन करत नाही.

यंत्र तापल्यावरच हे घडते, म्हणून पहिला संशय हीटिंग कॉइलवर. बोअरच्या जड पाण्याचा क्षार साचला की कॉइल जादा तापते, आवरण तडकते, ओल आत शिरते. पंपाची नळी गळून वायरिंग भिजले, तरी हेच होते.

अर्थिंगची पिन तोडून यंत्र चालवणे जिवावर बेतू शकते. तो उपाय कुणी सुचवला तरी ऐकू नये. प्लग काढावा आणि मेकॅनिककडून 500 व्होल्टच्या मेगरने कॉइल तपासून घ्यावी. साधा मल्टिमीटर अशी गळती अनेकदा दाखवत नाही.