स्विफ्टला रुंद चाकं: ट्रॅकवर जाण्यापूर्वीचा हिशेब

वळणात टायर किंचाळू लागले की हौशी चालकाला पहिल्यांदा सुचतं ते रुंद टायर घालणं. दुकानदारही नको म्हणत नाही. पण पकड वाढवायची तर आधी पाहायचं ते रबर, मग रिमची रुंदी आणि शेवटी टायरची. या क्रमाने पैसे घातले तर लॅपचा वेळ खरोखर कमी होतो. उलट क्रमाने घातले तर गाडी नुसती रुबाबदार दिसते.

उदाहरणाला २०१८ ते २०२४ मधली पेट्रोल स्विफ्ट घेऊ. कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे किंवा चेन्नईजवळचं मद्रास इंटरनॅशनल सर्किट इथे पुण्या-मुंबईहून गाडी चालवत जाणाऱ्यांना परवडणारी ही गाडी. वजन पावणेनऊशे किलोच्या आसपास, ताकद ८३ ते ९० पीएस. वरच्या व्हेरियंटला कंपनीचे टायर १८५/६५ आर१५, खालच्याला १६५/८० आर१४.

आधी दोन कागद वाचा

पहिला कागद स्पर्धेच्या नियमांचा. कोणत्या वर्गात किती रुंद चाक चालतं, टायर मडगार्डबाहेर आलेला चालतो का, हे आयोजकांना लेखी विचारा. नियमात न बसणारं चाक घातलं की गाडी वरच्या वर्गात ढकलली जाऊ शकते आणि तिथे दुप्पट ताकदीच्या गाड्या असतात.

दुसरा कागद विम्याचा. नेहमीच्या खासगी कार पॉलिसीत संघटित रेसिंग आणि वेगचाचणी वगळलेली असते. ट्रॅकवर गाडी ठोकली तर खर्च तुमचा. चाकांचा साईज बदलल्याचंही विमा कंपनीला कळवून ठेवा.

साईज कोणता?

१८५/६५ आर१५ टायरचा व्यास ६२१ मिमी भरतो. १९५/६० आर१५ घेतला तर ६१५ मिमी, म्हणजे फरक एक टक्का. तो कंपनीच्या रिमवर बहुधा बसतो आणि स्पीडोमीटरही फारसा चुकत नाही. रिमची रुंदी मात्र साडेपाच इंच किंवा जास्त आहे ना, हे आतल्या बाजूचा आकडा वाचून पाहा.

२०५/५० आर१५ चा व्यास ५८६ मिमी. जवळपास सहा टक्के लहान. गिअर आखूड झाल्यासारखे वाटतात, वळणातून बाहेर पडताना गाडी चपळ होते, पण जमिनीपासूनची उंची १८ मिमीने घटते आणि काटा शंभरवर असताना खरा वेग चौऱ्याण्णवच्या आसपास असतो. घरून ट्रॅकपर्यंत याच टायरवर जायचं असेल तर रस्त्यावरच्या गतिरोधकांचा विचार करा.

हलक्या, कमी ताकदीच्या गाडीत फार रुंद टायर नीट तापत नाही आणि न तापलेलं रबर पकड देत नाही. शिवाय सरळ रस्त्यावर त्याचं ओझं इंजिनालाच ओढावं लागतं.

रिम आणि ऑफसेट

अरुंद रिमवरचा रुंद टायर फुगतो आणि वळणात लोळतो. २०५/५० साठी साडेसहा ते सात इंची रिम हवी. इथे ऑफसेटचं, म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागाच्या अंतराचं गणित येतं; रिमवर ते ‘ईटी’ने मिमीत लिहिलेलं असतं. समजा जुनी रिम साडेपाच इंच, ईटी ४५ आहे आणि नवी सात इंच, ईटी ३५. नव्या चाकाची कड बाहेर २९ मिमी आणि आत ९ मिमी सरकते. बाहेर मडगार्डला घासेल का आणि आत स्ट्रटला लागेल का, ही दोन उत्तरं मोजून घेतल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका.

स्विफ्टची पीसीडी (नटांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास) ४x१००, रिमचं मधलं भोक ५४.१ मिमी. बाजारातल्या अनेक अलॉयचं भोक याहून मोठं असतं, तेव्हा मधली फट भरायला हब रिंग लागते. ती अ‍ॅल्युमिनियमची घ्या. ट्रॅकवर तापलेल्या ब्रेकजवळ प्लॅस्टिकची टिकत नाही. स्पेसर टाळा. टाकलाच तर नट निदान नऊ-दहा वेढे बसला पाहिजे.

खर्च किती?

आकडे ढोबळ आहेत. दोन-तीन दुकानांत विचारून घ्या.

• १९५/६० आर१५ चे चार चांगले टायर: २२ ते ३० हजार रुपये
• पंधरा इंची देशी अलॉयचा संच: २५ ते ४० हजार
• हलक्या वजनाचा आयात संच: लाखाच्या घरात किंवा पुढे
• हब रिंग आणि योग्य नट: ३ ते ५ हजार
• फिटिंग, बॅलन्सिंग, अलाइनमेंट: २ ते ३ हजार

२२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे. त्याआधीचं कोटेशन कोणी पुढे केलं तर नवं मागा. जून २०२० पासून टायरची आयात निर्बंधित यादीत असल्याने ट्रॅकसाठीचा परदेशी सेमी-स्लिक टायर सहज मिळत नाही. मिळालाच तर ISI चिन्ह, बिल आणि तारीख तपासा.

घेताना तपासा

टायरच्या भिंतीवरचे शेवटचे चार अंक बनावटीची तारीख सांगतात: २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. दोन वर्षांहून जुना टायर स्वस्तातही नको. ट्रेडवेअरचा, म्हणजे झिजेचा आकडा असेल तर जितका लहान तितकं रबर मऊ, आणि तितकंच ते लवकर झिजतं. लोड इंडेक्स कंपनीच्या टायरहून कमी नको. रिम दुकानातच काट्यावर ठेवायला सांगा. जुनीपेक्षा जड रिम घेतली तर रुंदीचा बराच फायदा तिथेच जातो.

बसवल्यावर नट टॉर्क रेंचने आवळा आणि पहिल्या सत्रानंतर पुन्हा तपासा.

पहिल्या वर्षी कंपनीच्या रिमवर १९५/६० चे चांगले टायर घाला आणि उरलेले पैसे ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल आणि ट्रॅकच्या फीवर खर्च करा. टायरच्या बाहेरच्या कडा सतत झिजू लागल्या, अलाइनमेंट आणि हवा नीट करूनही फरक पडला नाही, तेव्हाच सात इंची रिमचा विचार करा.