पहिली रायफल खांद्याला विचारून

पोरगी एनसीसीत गेली, नेमबाजी शिकायची म्हणते, चांगलं आहे. पण तेवढ्यासाठी कपाटातली बारा बोर काढून तिला गुंजवणीच्या काठी नेऊ नकोस. ती पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची, तुझ्या नावाची. तिच्या नावचा परवाना व्हायला २१ वर्षं पुरी व्हावी लागतात. शिकारीचं तर नावच काढू नका. १९७२ च्या कायद्यानं ती बंद आहे. रानडुकरानं भाताचं खाचर उकरून टाकलं तरी वनखात्याच्या लेखी परवानगीवाचून गोळी झाडायची नाही. पंचनामा करून भरपाई मागायची. आपल्या मार्गासनी गावात हे सगळ्यांना ठाऊक आहे, तरी पारावर गप्पा थ्री-फिफ्टीन रायफलीच्याच.

त्या गप्पा ऐकून बोर ठरवू नकोस. धक्का कशानं बसतो ते आधी समजून घे. गोळी जितकी जड आणि वेगवान, तितका मागं रेटा. आणि रायफल जितकी हलकी, तितका तो खांद्याला जास्त लागतो. थ्री-नॉट-थ्रीची गोळी ११ ग्रॅमच्या वर, सेकंदाला ७४० मीटरच्या आसपास जायची. पॉइंट टू-टूची अडीच ग्रॅमच्या जरा वर, वेग निम्म्याहून कमी. रायफली सारख्या वजनाच्या धरल्या तर रेट्यात दहापटीचा फरक. पोराला पेलावी म्हणून कमी वजनाची बारा बोर देणारे बाप मी पाहिलेत. पेलते, पण खांदा फोडते.

खांद्याची सूज चार दिवसांत उतरते. बिचकणं मात्र अंगात मुरतं. घोडा ओढायच्या आधीच डोळा मिटतो, खांदा पुढं येतो, नळी खाली जाते. हे पकडायची युक्ती सांगतो: रेंजवर उस्तादाकडून मॅगझिनमध्ये मध्येच एक खोटं काडतूस भरून घे, तिला न सांगता. त्या पाळीला नुसती टिक वाजेल. नळी स्थिर राहिली तर पोरगी तयार आहे. नळीनं डुबकी मारली तर त्या दिवशी गोळ्या बंद, पुन्हा हवेच्या रायफलीवर.

कारण सुरुवात तिथूनच करायची. साडेचार मिलिमीटरची, २० जूलच्या आतली हवेची रायफल असेल तर परवाना लागत नाही. स्प्रिंगची घेतलीस तर एक ध्यानात ठेव. छर्रा जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा, पण आतला दट्ट्या पुढं जाऊन आपटतो, म्हणून रायफल आधी मागं आणि लगेच पुढं सरकते. लागत काही नाही, नेम तेवढा बिघडतो. दाबलेली हवा टाकीत भरायची ती रायफल जवळजवळ हलत नाही, पण किंमत डोळे फिरवणारी. आधी क्लबातल्या रायफलीवर शिकू दे, मग बघू.

पुढची पायरी पॉइंट टू-टू. एनसीसीत तीच मिळते. पोरीला ती बारकी वाटली तर सांग, कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ साली पॅरिसला कांस्यपदक आणलं ते याच बोरावर, ५० मीटरवरून.

माप घ्यायला विसरू नकोस. रिकामी रायफल, नळी मोकळ्या बाजूला, दस्ता कोपराच्या खळगीत टेकवायचा. बोटाचं पहिलं पेर घोड्यावर आरामात पोचलं पाहिजे. मान लांबवावी लागली तर दस्ता लांब आहे. आणि पॉइंट टू-टूचा घोडा घरी रिकामाच ओढत बसू देऊ नकोस. तिची पिन काडतुसाच्या कडेवर मारते. काडतूस नसलं की कित्येक रायफलींत ती थेट नळीच्या काठावर आपटते आणि बोथट होते. त्यासाठी प्लॅस्टिकची खोटी काडतुसं मिळतात.

कानाचं शेवटी सांगतो, पण घ्यायचं पहिल्यांदा. निम्मं बिचकणं आवाजाचं असतं. कान झाकले की तीच रायफल हलकी वाटायला लागते. इअरमफ तिचे स्वतःचे घे. रेंजवरचे मोठ्यांच्या डोक्याचे असतात, पोरांच्या कानांवरून घसरतात.