रंगाआधी भिंत बघ

घर बाहेरून स्वतःच रंगवायचं ठरवलंयस, हे मला मनापासून आवडलं. मजुरी वाचेल हे तर आहेच, पण एकदा हाताने रंगवलं की कुठली भिंत ओलसर आहे, कुठे चीर आहे, पाणी कुठून मुरतंय, हे तुला आपोआप कळेल. फक्त माझं एक ऐक. दुकानात जाऊन शेडकार्ड उघडू नकोस. आधी घराभोवती एक चक्कर मार आणि भिंती नीट बघ.

आणि घाई करू नकोस. आपल्या शिराळ्यात नागपंचमीला घर पाहुण्यांनी भरतं, माहेरवाशिणी येतात, त्याआधी घर उजळावं असं कुणालाही वाटेल. पण पंचमी श्रावणात, ऐन पावसात. तोवर भिंत पाणी पिऊन बसलेली असते. तिच्यावर रंग चढवलास तर ओल आत कोंडते आणि थोड्याच दिवसांत पोपडे सुटायला लागतात. दिवाळीच्या तोंडावरही तसंच, परतीचा पाऊस नुकताच सरलेला असतो. मला विचारशील तर माघ-फाल्गुन धर. तेव्हा भिंत वाळलेली असते, उन्हाचा कडाकाही नसतो. मे महिन्यात भिंत इतकी तापते की रंग ब्रशखालीच सुकतो आणि पट्टे उठतात.

आता भिंतीकडे ये. तळहात घासून बघ. पांढरी भुकटी हाताला लागली तर वरचा थर सुटा आहे, त्यावर काहीही लावलंस तरी तो थर स्वतःबरोबर नवा रंगही घेऊन पडेल. ओल तपासायची असेल तर प्लॅस्टिकचा हातभर तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून दिवस-रात्र भिंतीवर राहू दे. आतल्या बाजूला दव साचलं तर भिंत अजून तयार नाही. खालच्या भागात मिठासारखा पांढरा लोणा दिसला तर पाणी पायातून वर चढतंय. ते आधी बंद कर, नाहीतर कितीही भारी रंग आणलास तरी टिकणार नाही.

घर जुनं असेल, दगड-मातीच्या भिंती आणि वर कौलं, तर माझं मत ठाम आहे: चुना लाव. मातीच्या भिंतीतली ओल बाहेर यायला वाट लागते. प्लॅस्टिकसारखा चिवट रंग ती वाट बुजवतो, मग आतली माती भुसभुशीत होत जाते. चुन्याचं उलट आहे. तो लावल्यावर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा चुनखडीसारखा कडक होतो, तरी भिंतीतली वाफ अडवत नाही. शिवाय तो तीव्र क्षारीय, त्यामुळे बुरशीही सहसा धरत नाही. कळीचा चुना आणलास तर सांभाळ, पाण्यात टाकला की उकळी फुटते. पोरांना लांब ठेव, डोळ्यांवर चष्मा चढव आणि चुना पाण्यात टाक, चुन्यावर पाणी ओतू नकोस. नीट विरला की फडक्याने गाळ, थोडा डिंक मिसळ. भिंत आधी पाण्याने ओली कर आणि पातळ पातळ दोन-तीन हात दे. एकच जाड हात दिलास तर वाळताना तडकतो. चुना दर एक-दोन वर्षांनी पुन्हा लावावा लागतो, हे खरं. पण खर्च कमी आणि काम तुझ्या हातचं.

सिमेंटचा गिलावा असेल तर दोन पर्याय. एक सिमेंट पेंट, म्हणजे पुडीतली भुकटी पाण्यात कालवून लावायची. तो स्वस्त, पण त्याला भिंत ओली लागते, कालवलेला रंग तासाभरात संपवावा लागतो आणि लावल्यावर दोन-तीन दिवस पाणी मारावं लागतं. हे पाणी मारायला लोक कंटाळतात, म्हणून तो भुकटी होऊन हाताला लागतो. जुन्या इमल्शनवर किंवा ऑइल पेंटवर तो धरत नाही. दुसरा एक्स्टिरिअर इमल्शन. किंमत जास्त, पण पावसाला टिकतो. नव्या गिलाव्याला मात्र किमान 28 दिवस दे, तो पुरता वाळू दे आणि प्रायमर चुकवू नकोस. आपल्याकडे पाऊस पश्चिमेकडून, चांदोलीच्या डोंगरांवरून येतो. पैसे कमी असतील तर चांगला इमल्शन निदान पश्चिमेच्या भिंतीला तरी लाव.

माप असं काढ. घर 30 बाय 20 फूट, उंची 10 फूट धर. चारी भिंती मिळून 1000 चौरस फूट. दारं-खिडक्या वजा जाता साधारण 850. इमल्शनचा एक लिटर गिलाव्यावर दोन हातांत अंदाजे 50 चौरस फूट जातो, म्हणजे 17 लिटर. 20 लिटरची एक बादली पुरेल. गिलावा खरबरीत असेल तर थोडा जास्त धर. लहान डबे घेतलेस तर सगळे मोठ्या टबात एकत्र कर, मशीनवर बनवलेल्या शेडमध्येही डब्याडब्यात फरक पडतो. भडक लाल, जांभळा, निळा उन्हात लवकर उडतो. गेरू, काव, पिवळी माती हे मातीचे रंग वर्षानुवर्षं टिकतात, म्हणून जोत्याला काव लावायची जुनी पद्धत मला अजूनही आवडते. पावसाचे शिंतोडेही त्यावर दिसत नाहीत.

खरी मेहनत तयारीची. तारेच्या ब्रशने खरवड, शेवाळ असेल तिथे ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धू, चिरांमध्ये लांबी भर. लांबी बाहेरच्या भिंतीची, पांढऱ्या सिमेंटचीच घे, आतली चालत नाही. दारा-खिडक्यांवर जुना ऑइल पेंट असेल तर तो कोरडा घासू नकोस. घरगुती रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची मर्यादा 2017च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं आणि ती धूळ लहान मुलांना फार वाईट. पाणी लावून घास, तोंडाला मास्क बांध, खरवडलेलं गोळा करून टाक.

रंग लावताना सावलीमागे फिर. सकाळी पश्चिमेची भिंत, दुपारनंतर पूर्वेची. वरून खाली ये. रोलरने काम सपाट्याने उरकतं, कोपऱ्यांना चार इंची ब्रश पुरे. स्प्रेच्या नादी लागू नकोस, वाऱ्याने शेजारच्यांच्या वाळवणावर रंग उडाला की भांडण ठरलेलंच.

आणि हे मात्र मोठ्या बहिणीचा हुकूम समज. तळमजला तू रंगव. वरचा मजला असेल तर परांची बांधणारा पेंटर बोलाव, तिथे पैसे वाचवायचे नसतात. शिडी लावलीस तर खाली धरायला कुणी तरी उभं हवं. शिडीच्या दर चार फूट उंचीमागे तिचा पाय भिंतीपासून फूटभर लांब, असा हिशेब ठेव. महावितरणची वायर घराजवळून जात असेल तर ॲल्युमिनियमची शिडी तिच्या आसपासही नेऊ नकोस, आणि साडीचा पदर आधी खोचून घे.